डाकोटामधली संध्याकाळ : संगीतकारांच्या मैत्रीवरचे चित्रपट आणि त्यांचे चाहते

२४ एप्रिल १९७६. शनिवारची रात्र. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात त्याचा निर्माता लॉर्न मायकल्स कॅमेऱ्यासमोर येऊन बसला आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने त्याने बीटल्सना आमंत्रण दिलं. ही चौकडी फुटून सहा वर्षं झाली होती. तिने पुन्हा एकदा एका मंचावर यावं म्हणून कार्यक्रमांचे ठेकेदार तेव्हा कोट्यवधी डॉलर्सच्या बोली लावत होते. मायकल्सने देऊ केले तीन हजार. धनादेशही त्याने कॅमेऱ्याला दाखवला. तीन गाणी म्हणा, पैसे हवे तसे वाटून घ्या, रिंगोला कमी द्यावेसे वाटले तर तो तुमचा प्रश्न, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला आणि प्रेक्षक हसले.

त्याच वेळी, स्टुडिओपासून टॅक्सीने जाण्याइतक्या अंतरावर, सेंट्रल पार्कच्या कडेच्या डाकोटा इमारतीत जॉन लेननच्या घरी पॉल मॅकार्टनी आलेला होता आणि दोघं तोच कार्यक्रम बघत होते. हे जगाला कळलं चार वर्षांनी, १९८० साली लेननने दिलेल्या एका दीर्घ मुलाखतीतून. गंमत म्हणून जावं असं आम्हाला वाटलं, टॅक्सीत बसायचंच काय ते बाकी होतं, पण आम्ही फार दमलेलो होतो, असं त्याने सांगितलं. तो विषय तेवढ्यावरच संपला. दिवसभर दोघं काय बोलले, गायले का, भांडले का, हे त्या मुलाखतीत नाही.

या चार-दोन वाक्यांवर २००० साली एक चित्रपट निघाला. 'टू ऑफ अस' त्याचं नाव. व्हीएच-वन या अमेरिकन संगीतवाहिनीसाठी काढलेला, साधारण दीड तासाचा. पटकथा मार्क स्टॅनफील्डची. जॉन झाला आहे जॅरेड हॅरिस आणि पॉल एडन क्विन. पॉल डाकोटाच्या दारात येऊन उभा राहतो आणि मग दिवसभर ही दोन माणसं चेष्टा करतात, टोचून बोलतात, जुन्या जखमा उकरतात, वेश पालटून सेंट्रल पार्कात फिरून येतात आणि रात्री त्या टीव्हीसमोर येऊन बसतात. योको किंवा लिंडा, दोघींपैकी कोणीही त्या खोलीत नाही. मुलाखतीतल्या त्या मोजक्या तपशिलांपलीकडचं सगळं रचलेलं आहे. संवादांतलं एकही वाक्य कोणी कानाने ऐकलेलं नाही.

बीटल्सचे चाहते ही जगातली बहुधा सर्वांत चिकित्सक जमात असावी. कोणत्या दिवशी कोणाच्या हातात कोणती गिटार होती, कोणत्या गाण्यात टाळ्या कोणी वाजवल्या, याची नोंद ते ठेवतात. अशा मंडळींनी या बनावट संध्याकाळीचा फडशा पाडायला हवा होता. काहींनी पाडलाही. लेनन तेव्हा पस्तिशीत होता, मॅकार्टनी तेहतीस वर्षांचा; पडद्यावरचे दोघंही चाळिशीला टेकलेले दिसतात. उच्चार कोणाचे जमले, कोणाचे फसले, यावर पानंच्या पानं लिहून झाली आहेत. पण त्याच चाहत्यांमध्ये या चित्रपटाविषयी एक हळवा, थोडा चोरटा जिव्हाळाही आहे. हे खोटं आहे हे माहीत असूनही मी दर वर्षी बघतो, असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले. असंच झालं असेल, असं ते म्हणतात. या 'असेल'मध्ये नेमकं काय आहे, ते या लेखात बघायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. संगीतकारांच्या मैत्रीवर चित्रपट निघाला की चाहते तपशिलांवरून भांडतात, कारण भांडायला तपशील हाताशी असतात. मूळ भांडण वेगळंच असतं : या मैत्रीत कोणाचं पारडं जड होतं, कोणी कोणाला जास्त दुखावलं, कोणाला कोणाची गरज होती? याला कागदोपत्री पुरावा नसतो. म्हणून चित्रपट कोणता तास निवडतो आणि त्या तासात कोणाला खोलीबाहेर ठेवतो, तोच त्याचा निवाडा ठरतो.

हे समजायला थोडा इतिहास हवा. लेनन आणि मॅकार्टनी यांची भेट झाली ६ जुलै १९५७ रोजी, लिव्हरपूलच्या वुल्टन भागातल्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत. जॉन सोळा वर्षांचा, पॉल नुकता पंधरा पूर्ण केलेला. पॉलची आई आधीच्या वर्षीच्या ऑक्टोबरात कर्करोगाने गेली होती. जॉनची आई ज्युलिया पुढच्या जुलैत मोटारीखाली सापडून गेली. पुढे तेरा वर्षं एकत्र गाणी रचून एप्रिल १९७० मध्ये सगळं जाहीररीत्या मोडलं. डिसेंबर १९७० मध्ये लेननने 'रोलिंग स्टोन'ला एक जळजळीत मुलाखत दिली. तीत पॉलवर इतके वार होते की पुढची दहा-पंधरा वर्षं बीटल्सचा इतिहास त्याच मुलाखतीच्या चष्म्यातून लिहिला गेला. १९७१ साली दोघांनी एकमेकांना गाण्यांतूनही ओरबाडलं. मग ८ डिसेंबर १९८० रोजी डाकोटाच्याच दारात लेननचा खून झाला. दुसऱ्या दिवशी वार्ताहरांनी स्टुडिओबाहेर गाठलं तेव्हा मॅकार्टनीच्या तोंडून एक सपक, कोरडा शब्द निघाला. हादरलेल्या माणसाच्या तोंडून निघावा तसा तो होता, पण चाहत्यांनी तो वर्षानुवर्षं त्याच्या खात्यावर मांडून ठेवला.

१९८१ साली फिलिप नॉर्मनचं 'शाउट!' हे गाजलेलं चरित्र आलं. बीटल्सचा तीन-चतुर्थांश भाग म्हणजे जॉन, असं नॉर्मन तेव्हा उघड म्हणत असे. एरिन टॉर्केलसन वेबर या अमेरिकन इतिहास-अभ्यासिकेने २०१६ साली बीटल्सच्या इतिहासलेखनावरच एक पुस्तक लिहिलं. एकाच चौकडीची कथा पन्नास वर्षांत चार वेगवेगळ्या पद्धतींनी कशी सांगितली गेली आणि प्रत्येक वेळी साधनं कशी निवडली गेली, हे तिने त्यात दाखवलं आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही ते जरूर वाचावं. कोणता चित्रपट चाहत्यांना पटला आणि कोणता नाही, हे त्या त्या वेळी कोणती कथा चलनात होती यावरच बरंचसं ठरलेलं दिसतं.

१९९४ साली आला 'बॅकबीट'. इयन सॉफ्टलीचा हा चित्रपट जॉनची दुसरीच मैत्री सांगतो. स्टुअर्ट सटक्लिफ हा जॉनचा कलाशाळेतला चित्रकार मित्र. वादन यथातथाच, पण जॉनच्या आग्रहामुळे चित्र विकलेल्या पैशातून बास गिटार घेतली आणि बँडमध्ये आला. हॅम्बुर्गला अ‍ॅस्ट्रिड किर्शहेरच्या प्रेमात पडला, बँड सोडला, आणि एप्रिल १९६२ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने एकविसाव्या वर्षी गेला. बाकीचे दुसऱ्या दिवशी हॅम्बुर्गला उतरले तेव्हा ती बातमी त्यांना विमानतळावर अ‍ॅस्ट्रिडने सांगितली. चित्रपट म्हणून 'बॅकबीट' मला आवडतो. इयन हार्टचा लेनन अंगावर येतो. पण जॉन-स्टुअर्टची जोडी मध्यभागी ठेवली की पॉलला उरते ती एकच भूमिका : कुरकुरणारा, हिशेबी, स्टुअर्टला वाजवता येत नाही असं पुन्हा पुन्हा सांगणारा पोरगा. कोणीही मुद्दाम वाईट लिहिलेलं नाही. तास निवडला, आणि तो माणूस लहान झाला.

मॅकार्टनीने हा चित्रपट पाहून तक्रार कशाची केली? माझा स्वभाव चुकीचा दाखवला, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, यात 'लाँग टॉल सॅली' हे गाणं जॉनच्या तोंडी दिलं आहे आणि जॉनने ते आयुष्यात कधी म्हटलं नाही. माझ्यातला रॉक अँड रोल माझ्याकडून काढून घेतला. लिटल रिचर्डचं हे गाणं गळा फाडून म्हणणं ही पॉलची शाळेपासूनची खासियत. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सची शेवटची तिकीटबारीवरची मैफल झाली, तिथलं शेवटचं गाणं हेच होतं आणि ते पॉलनेच म्हटलं होतं.

पुढे २००९ साली 'नोव्हेअर बॉय' आला. सॅम टेलर-वुडचा हा चित्रपट लेननच्या पोरवयाबद्दल, त्याच्या मिमी मावशीबद्दल आणि ज्युलियाबद्दल आहे. आई गेल्यानंतरच्या एका प्रसंगात जॉन पॉलला ठोसा मारतो आणि मग मिठी मारून रडतो. दोन आई-वेगळी पोरं, त्यातली एक सुमारे पावणेदोन वर्षं आधी त्याच वाटेने गेलेली. मला तो प्रसंग खरा वाटतो. मॅकार्टनीने दिग्दर्शिकेला काय सांगितलं, तर जॉनने मला कधीही मारलेलं नाही.

या दोन तक्रारी मी बरेच दिवस शेजारी ठेवून बघते आहे. त्या चाहत्याच्या तक्रारी आहेत. ते गाणं त्याने म्हटलं नव्हतं. तो ठोसा मारला गेला नव्हता. त्या खोलीतला एकमेव जिवंत माणूस पडद्यावर स्वतःची मैत्री बघतो आहे आणि त्यालाही बोट ठेवायला सापडतात ते तपशीलच. जॉनचा माझ्यावर किती जीव होता, हे तो कोणाला कसं सिद्ध करून दाखवणार? गाणं कोणाचं होतं, एवढं मात्र सांगता येतं. चाहत्यांचा किचकटपणा हा टिंगलीचा विषय समजला जातो. मॅकार्टनीचं हे पाहिल्यापासून मला त्या किचकटपणाची टिंगल करवत नाही.

शिवाय हा किचकटपणा रक्षण करतो. ज्याला चाहते नव्हते त्याचं काय झालं ते बघा. अंतोनियो सालिएरी हा मोझार्टच्या काळातला व्हिएन्नाचा प्रतिष्ठित संगीतकार. १८३० साली पुश्किनने छोटं नाटक लिहून त्याला मोझार्टचा विषप्रयोगी मारेकरी केलं, पुढे रिम्स्की-कॉर्साकोव्हने त्याचा ऑपेरा केला, १९७९ साली पीटर शॅफरचं 'अमादेउस' हे नाटक आलं आणि १९८४ साली त्यावरच्या चित्रपटाने आठ ऑस्कर घेतले. आज सालिएरी म्हणजे मत्सर, असं समीकरण झालं आहे. वास्तवात मोझार्टच्या धाकट्या मुलाला संगीत शिकवणाऱ्यांत सालिएरी होता. १७८५ साली एका गायिकेच्या आजारातून उठण्याच्या निमित्ताने या दोघांनी मिळून रचलेली एक छोटी रचना प्रागच्या संग्रहालयात सापडली आणि २०१६ साली लोकांपुढे आली. त्या दोघांत चढाओढ नव्हती असं नाही, पण जी काही सोबत होती ती नाटकाने पुसून टाकली. हे गाणं त्याचं नव्हतं, तो ठोसा त्याने मारला नव्हता, असं ओरडून सांगणारं त्याच्या बाजूने दीडशे वर्षं कोणी उभं राहिलं नाही.

चाहत्यांचं मत जिथे सर्वांत अवघडून जातं तो चित्रपट म्हणजे १९९१ सालचा 'द अवर्स अँड टाइम्स'. क्रिस्टोफर म्युंचचा, कृष्णधवल, जेमतेम तासाभराचा. १९६३ च्या वसंतात लेनन आणि व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन दोघंच बार्सिलोनाला सुट्टीवर गेले होते. एपस्टाइन समलिंगी होता, आणि इंग्लंडात तेव्हा तो गुन्हा होता. परत आल्यावर पॉलच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या समारंभात बॉब वूलर या परिचिताने त्या सहलीवरून काहीतरी टोमणा मारला आणि जॉनने त्याला बेदम मारलं. हा मार नोंदलेला आहे. सहलीत काय बोलणं झालं ते नाही. म्युंचने ती मोकळी जागा दोन एकाकी माणसांच्या संकोचाने भरली. इथेही लेनन झाला आहे इयन हार्टच. हा चित्रपट मानणारे चाहते थोडे आहेत, पण जे मानतात ते तो कधी सोडत नाहीत.

आता पुन्हा 'टू ऑफ अस'कडे. त्याच्या दिग्दर्शकाचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं होतं : मायकल लिंडसे-हॉग.

बीटल्सच्या चाहत्याला हे नाव ऐकून दचकायला होतं. हा तोच माणूस, ज्याने जानेवारी १९६९ मध्ये चौघांच्या तालमींवर महिनाभर कॅमेरे रोखून ठेवले होते. त्यातून झालेला 'लेट इट बी' मे १९७० मध्ये, म्हणजे फूट जाहीर झाल्यावर महिन्याभराने, प्रदर्शित झाला आणि साहजिकच लोकांनी तो फुटीचा माहितीपट म्हणून पाहिला. पॉल आणि जॉर्ज हॅरिसन यांची ती अवघडलेली बाचाबाची चाहत्यांच्या दोन पिढ्यांनी शवविच्छेदनासारखी अभ्यासली. मग ५२ वर्षांनी, २०२१ मध्ये, पीटर जॅक्सनने त्याच रिळांमधून, सुमारे साठ तासांची चित्रफीत आणि दीडशे तासांचं ध्वनिमुद्रण वापरून, जवळजवळ आठ तासांचा 'गेट बॅक' काढला. त्यात तेच चौघं टोस्ट खाताहेत, एकमेकांच्या नकला करताहेत, जॉन आणि पॉल दात न विलगता गाणं म्हणण्याची थट्टा करताहेत. इतकी वर्षं आम्हाला फसवलं, असा सूर चाहत्यांत उमटला. मला तो पटला नाही. जानेवारी तोच, खोली तीच, रिळंही तीच. लिंडसे-हॉगने सुमारे ऐंशी मिनिटं निवडली होती, जॅक्सनने आठ तास. नाट्यचित्रपट खोटा आणि माहितीपट खरा, एवढी सोपी वाटणी करणाऱ्या चाहत्यांनी हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. 'लेट इट बी'सुद्धा २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा उपलब्ध झाला आहे.

त्या महिन्यातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. १० जानेवारीला जॉर्ज तालीम सोडून निघून गेला. तीन दिवसांनी जेवणाच्या वेळी जॉन आणि पॉल उपाहारगृहात बोलत बसले असताना टेबलावरच्या फुलांच्या कुंडीत ध्वनिग्राहक दडवलेला होता. ही करामत लिंडसे-हॉगचीच. दोघांना त्याचा पत्ता नव्हता. आपण जॉर्जशी कसं वागलो, एकमेकांशी कसं वागलो, तूच सगळं ठरवायला लागलास आणि आधी तूच ठरवत होतास, असं ते बोलणं. 'गेट बॅक'मध्ये ते ऐकवलं आहे. पडद्यावर रिकामं चित्र आणि खाली अक्षरं. कॅमेऱ्याचं भान नसताना या दोघांमध्ये झालेल्या गंभीर बोलण्याचा एवढा मोठा तुकडा दुसरा नाही. चोरून मिळवलेला आहे, आणि मला तो ऐकताना दर वेळी कसंसंच होतं. तरी मी ऐकते.

म्हणजे ज्या माणसाने या मैत्रीचं एक खरं खासगी बोलणं चोरून टिपलं, त्यानेच ३१ वर्षांनी तिचं एक खोटं खासगी बोलणं उभं केलं. त्याने १९६९ मध्ये ती खोली रोज पाहिली होती. पॉल बोलताना जॉन कुठे बघतो, विनोद कधी ढालीसारखा पुढे येतो, एकाचं वाक्य दुसरा कसं उचलतो, हे त्याला ठाऊक होतं. 'टू ऑफ अस'मधले प्रसंग घडलेले नाहीत. त्या प्रसंगांमधली गाठ आणि ढील, कोण केव्हा पुढे सरकतो आणि कोण मागे, हे मात्र मला पाहून घेतलेलं वाटतं. चाहत्यांच्या 'असेल'चं मूळ मला इथे दिसतं. आपण काय ऐकतो आहोत हे त्यांना नावानिशी सांगता येत नसेल, पण कान ओळखतो.

दुसरं कारण असं की चित्रपट मोहात पडत नाही. दोघं स्टुडिओत गेले, गायले, जग रडलं, असं दाखवणं किती सोपं होतं! प्रत्यक्षात १९७० नंतर त्यांनी एकत्र वाजवल्याचं माहीत असलेलं एकच ध्वनिमुद्रण आहे, २८ मार्च १९७४ चं, लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमधलं. ते इतकं विस्कळीत आहे की भक्तसुद्धा ते एकदा ऐकून ठेवून देतात. चित्रपट त्या रात्रीपाशीच थांबतो. पुढचं लेननच्याच मुलाखतीत आहे : त्या काळात पॉल गिटार घेऊन अधूनमधून न सांगता दारात येई, एकदा, दिवसभर तान्ह्या मुलाचं करून थकलेल्या जॉनने त्याला सांगितलं की येण्याआधी फोन करत जा, हे काही १९५६ साल नाही. पॉल दुखावला. आपल्याकडे मित्राच्या घरी फोन न करता जाता येतं तोवर मैत्री ठीक आहे असं मानायची पद्धत होती, त्यामुळे मराठी वाचकाला हे वाक्य जरा जास्तच लागेल. पॉलचे वडील त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वारले होते, हे चाहते सांगायला विसरत नाहीत, आणि त्या सांगण्यात जॉनवरचा एक आरोप असतो.

आपल्याकडे काय होतं? संगीतकारांच्या मैत्रीचं वेड मराठी माणसाला काही कमी नाही. ८ जुलै १९२१ चं 'संयुक्त मानापमान', टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले, आणि तीन महिन्यांच्या आत झालेला केशवरावांचा मृत्यू, ही गोष्ट शंभर वर्षं आपण एकमेकांना सांगतो आहोत. कोणाला जास्त 'वन्समोअर' मिळाले हा वाद आजोबा मंडळींत असे, तो अगदी बीटल्सवाल्यांच्या जातीचा. पण अलीकडच्या दोन चित्रपटांवरच्या प्रतिक्रिया पाहिल्या तर फरक जाणवतो. २०१९ च्या 'भाई : व्यक्ती की वल्ली'मध्ये पु. ल. आणि त्यांचे गायकमित्र दाखवले, तेव्हा मोठा गदारोळ झाला तो मुख्यतः मद्यपान आणि धूम्रपानाच्या चित्रणावरून. बीटल्सचा चाहता म्हणतो, असं घडलंच नव्हतं. आपल्याकडचा आक्षेप पुष्कळदा असा असतो की घडलं असलं तरी दाखवायचं कशाला? आपल्याला माणूस हवा असतो तसबिरीतला. ती तसबीर मित्राच्या घरी पाय पसरून बसलेली दिसली की आपल्याला चालत नाही. अशाने मैत्रीवरचा चित्रपट होणं कठीण, कारण ज्या घटकेला माणूस आब सोडून बसतो तीच मैत्रीची घटका.

म्हणून २०२२ चा 'मी वसंतराव' मला महत्त्वाचा वाटतो. निपुण धर्माधिकारी यांच्या या चित्रपटात वसंतराव देशपांडे यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली आणि गाणंही त्यांनीच केलं. त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पु. ल. इथे मित्र म्हणून येतात : लष्करी लेखाविभागात नोकरी करत गाणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभे असलेले, टोचणारे, हट्टाने गाण्याकडे ओढणारे. ज्यांनी या दोघांना समोर बसून ऐकलं ते श्रोते अजून आपल्यात आहेत, आणि वसंतराव आमच्या घरी गायले होते असं सांगणाऱ्या घरांची पुण्या-नागपुरातली संख्या तर दरवर्षी वाढतेच आहे. अशा माणसांसमोर चित्रपट ठेवायचा म्हणजे साक्षीदारांनी भरलेल्या न्यायालयातच उभं राहायचं. नातवाचा गळा तिथे उपयोगी पडला. जॉन-पॉलच्या बाबतीत चाहते शब्दांवरून भांडतात. 'मी वसंतराव'बद्दल माझ्या ओळखीतल्या जुन्या श्रोत्यांनी पहिला शेरा दिला तो तानेवर. आवाज जुळला म्हटल्यावर मैत्रीच्या प्रसंगांना त्यांनी फारसं हटकलं नाही.

मॅकार्टनीनेही स्वतः एक प्रसंग लिहिला आहे. १९८२ साली त्याने 'हिअर टुडे' हे गाणं केलं, गेलेल्या जॉनशी चाललेलं कल्पित बोलणं. आज तू इथे असतास तर काय म्हणाला असतास, असं विचारणारं. त्यात एका रात्रीचा उल्लेख येतो. ती रात्र सप्टेंबर १९६४ मधली, फ्लोरिडातल्या की-वेस्टची, असं त्याने नंतर सांगितलं. वादळामुळे विमान तिकडे वळवलं होतं, काही काम नव्हतं, प्यायले, आणि रात्री उशिरा दोघं एकमेकांविषयी बोलता बोलता रडले. साल सापडतं, ठिकाण सापडतं, वादळाचं नावसुद्धा सापडतं. काय बोलले ते त्याने गाण्यातही सांगितलेलं नाही. चित्रपटवाल्यांना हा आयता प्रसंग आहे, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

कारण आता मोठं प्रकरण येऊ घातलं आहे. सॅम मेंडिस चौघांवर चार स्वतंत्र चित्रपट करतो आहे, एप्रिल २०२८ मध्ये ते यायचे आहेत. जॉन हॅरिस डिकिन्सन, पॉल पॉल मेस्कल. चौघांच्या बाजूने चार वेळा तेच आयुष्य, म्हणजे तास निवडण्याच्या ज्या अडचणीबद्दल मी बोलले तिच्यावर हा एक उतारा म्हणता येईल. एका चित्रपटात जो कुरकुरणारा पोरगा आहे तो दुसऱ्यात नायक होईल. चाहत्यांची भांडणं आतापासून जुंपली आहेत : कोण किती उंच, कोणाचे डोळे कसे, कोणाला डाव्या हाताने बास जमेल. मॅकार्टनी तोपर्यंत पंच्याऐंशीचा असेल. तो ते पाहील, आणि काहीतरी चुकलं आहे असं म्हणेल. काय चुकलं असं तो म्हणतो, त्याची मी वाट बघते आहे.